पात्याखालची तार

पाऊस उघडून आठवडा झाला होता. तरी चिकलठाण्याच्या माळावर सकाळी असं दहिवर पडायचं, की गवतातून चार पावलं टाकली तर पँट गुडघ्यापर्यंत पिळून घ्यावी. विमानतळाच्या अंगानं धुकं सरकत यायचं आणि जालना रोडवरच्या ट्रकांचे दिवे त्यात फुटक्या अंड्याच्या बलकासारखे दिसायचे. दहा वाजले की मात्र हाच माळ तव्यासारखा तापायचा. सांडूनं त्याचा हिशेब बसवला होता. दहिवर असेतो कोयत्यानं घाणेरी अन् वेडी बाभूळ तोडायची, दहिवर उडालं की मशीन अंगावर चढवायची आणि ऊन डोक्यात शिरायच्या आत पट्टा सोडायचा.

त्या सोमवारी तो सातलाच आला. बंद पडलेल्या एका कारखान्याचं मागचं आवार साफ करायचं काम होतं. बारा वर्षं कुणी पाय ठेवला नव्हता. शेडच्या पत्र्यावर पिंपळ उगवलेला, घाणेरी माणसाच्या वर गेलेली, आणि मोकळी जागा म्हणून जी होती तिथं पवन्याचं गवत छातीला लागत होतं. नव्या मालकाला दिवाळीच्या आत भूमिपूजन करायचं होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर विश्वजीत रोज तीनदा फोन करून विचारायचा, "मामा, जमीन दिसायला लागली का?"

"दिसंल, दिसंल. जमीन कुठं पळून चाललीय?" सांडू म्हणायचा.

गवत कापायची मशीन बॅटरीवरची होती. आधीची पेट्रोलची होती तेव्हा ती चालू करायला दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा, धूर नाकात जायचा, अन् रात्री उशीवर डोकं टेकलं तरी कानात तीच घरघर. ही नवी तशी गुणाची. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी चार हिरवे दिवे. बॅटरी खाचेत सारली की खट् वाजायचं, घोडा दाबला की पातं फिरायला लागायचं. आवाज म्हणाल तर घरातला मिक्सर. सांडूची बायको करुणा त्यावरून त्याला बोलायची, "दिवसभर मिक्सर फिरवून येता, अन् घरी आलं की ठेचा मला खलबत्त्यात कुटायला लावता."

एक बॅटरी चाळीस मिनिटं चालायची. अशा दोन. एक अंगावर, एक वॉचमन रशीदचाचाच्या खोलीत चार्जिंगला. दिवे एकेक विझत जायचे, आणि शेवटचा दिवा लुकलुकायला लागला की सांडूचा जीव घाईला यायचा. पट्टी अर्धवट राहिली की दुसऱ्या दिवशी परत दहिवर, परत ओलं गवत, परत विश्वजीत.

मशीनला दोन तऱ्हेची डोकी बसायची. एक नायलॉनच्या दोरीचं. ते भिंतीकडेच्या कोवळ्या गवताला बरं, पण त्यानं गवताचा भुगा होतो आणि त्या भुग्यात दोरीचे तुकडे. त्याला जनावर तोंड लावत नाही. दुसरं लोखंडी पातं, तीन दातांचं. पात्यानं गवत बुडातून कापलं जातं आणि लांबच्या लांब आडवं पडतं, विळ्यानं कापल्यासारखं. सांडू जमेल तिथं पातंच लावायचा. ठेकेदाराला त्याचं काही नव्हतं. सांडूला होतं, कारण जुन्या गावात त्याच्या अक्काच्या दारात म्हैस होती.

अक्का म्हणजे कडूबाई, सांडूपेक्षा नऊ वर्षांनी थोरली. या दोघांच्या आधी अन् मधे मिळून आईची चार लेकरं गेली होती. म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, मरणाला गोड लागू नये असं. हा झाला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर सांडला आणि शेजारच्या बाईनं 'हे कुणाचं गं पडलंय' म्हणत उचलून परत आईला दिला. दोघंही जगली. आता अक्काचं वय साठीच्या उंबऱ्यावर, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, पोरगी सासरी जालन्याला. घरात ती आणि दारात चांदी. काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तिसरं वेत, आठवा महिना. मार्गशीर्षात व्यायची होती. दूध आटलेलं, त्यामुळं अक्काचा सगळा जीव पोटातल्या त्या रेडकात. मागच्या दोन्ही वेळी हेले, म्हणजे नरच झाले होते. या खेपेला वगार होणार म्हणून तिनं आळीभर सांगून ठेवलं होतं.

मशिनी आल्या नव्हत्या तेव्हा या पट्ट्यातल्या निम्म्या कारखान्यांच्या आवारातलं गवत अक्काच्या विळ्यानं कापलेलं. करार तोंडी होता. गवत तुझं, आवार आमचं साफ. वॉचमन बदलले, साहेब बदलले, अक्काचा भारा तेवढा रोज फाटकातून बाहेर पडत राहिला. मग ठेके आले, ओळखपत्रं आली, फाटकावर 'नाव काय, कुणाकडं जायचंय' सुरू झालं. आणि ठेकेदारानं मशीन दिली ती नेमकी अक्काच्या भावाच्या हातात.

"म्हंजी माझा विळा तुझ्या गळ्यात अडकवला म्हण की," अक्का त्या वेळी हसून म्हणाली होती.

हसली खरी. पण सांडूला ते लागलं. तेव्हापासून चांगलं गवत दिसलं की तो दोन जुन्या लुगड्यांत भारे बांधून ओळखीच्या लोडिंग रिक्षात टाकून द्यायचा. कागदावर तो कचरा होता. कचरा कुठं गेला हे कुणी विचारत नव्हतं.

तर त्या सोमवारी साडेनऊला शेडच्या मागची पवन्याची पट्टी राहिली होती. असं गवत आता चिकलठाण्यात बघायला मिळत नाही. जिथं तिथं प्लॉट, जिथं तिथं मुरूम. दुसरी बॅटरी शेवटच्या दिव्यावर आलेली. सांडूनं पाय फाकवले, पट्टा खांद्यावर सारखा केला आणि डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं असा झोका धरला. गवत सळसळत आडवं व्हायला लागलं.

टिंग.

पेट्रोलची मशीन असती तर ऐकूही आलं नसतं. ही मिक्सर, म्हणून ऐकू आलं. बारीक आवाज, तंबोऱ्याची तार तुटावी तसा. पातं क्षणभर अडखळलं आणि परत फिरायला लागलं.

गारगोटी असंल, सांडू मनात म्हणाला. हिरवा दिवा लुकलुकत होता. पट्टी दहा पावलं उरली होती.

परत टिंग. मग लागोपाठ दोनदा.

आता इथं थांबून पात्याखाली बघायला किती वेळ लागला असता? बॅटरी काढायची, मशीन उलटी करायची, वाकायचं. दोन मिनिटं. पण लुकलुकणारा दिवा दोन मिनिटं थांबेल याचा भरवसा नव्हता. शिवाय माळ गारगोट्यांचाच, रोज चार-दोन लागतातच. विळ्याचं काम वेगळं असतं. विळा उजव्या हातात, पण गवतात आधी डावा हात शिरतो. तो मूठ धरतो, काटा असला तर मागं येतो, दगड असला तर बाजूला घेतो. मशीनला डावा हात नाही.

पट्टी संपली आणि चार-सहा झोक्यांत बॅटरीही संपली. रशीदचाचानं खोलीतून हाक दिली, "सांडूभाई, तुम्हारी दुसरी भी उतर गई क्या? चाय लेव."

चहा पिऊन सांडूनं भारे बांधले. मापानं जरा मोठेच.

बुधवारी सकाळी अक्काचा फोन आला. "सांड्या, चांदीनं कालपासून तोंड लावलं नाय रे. आंबोण ठेवलं तर नुसतं हुंगून मान फिरवली."

"गाभण हाय, अंग जड झालं असंल."

"गाभण काय पहिल्यांदा हाय व्हय?"

तो कामावरून परस्पर तिकडं गेला. चांदी दावणीला, आपल्या पाण्याच्या हौदाजवळ उभी होती. बसत नव्हती. पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून, पाठीची कमान करून, कुणीतरी मारायला हात उचललाय अशी. रवंथ बंद. अक्कानं तोवर ओवा, हिंग, काळं मीठ, गोडं तेल सगळं बांबूच्या नळीतून पाजून झालं होतं. शेजारची दगडाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "कडूबाई, नजर लागलीय. मीठमोहऱ्या उतर."

"नजर लागायला तिनं काय पावडर लावली हुती काय?" अक्का म्हणाली. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

गुरुवारी जनावरांची डॉक्टर आली. सोनिया मॅडम, तिशीची बाई, स्कूटीवर. आल्या आल्या तिनं चांदीच्या खांद्यामागं दोन्ही हातांनी पाठ दाबली. चांदी माणसासारखी कण्हली. मग मॅडम म्हणाली, "सोडा हिला, गल्लीच्या उतारानं खाली न्या." सांडूनं दावं सोडलं. चांदी उताराच्या तोंडाशी आली आणि खिळल्यासारखी थांबली. ओढलं, चुचकारलं, अक्कानं पुढं होऊन हाक मारली. एक पाय पुढं टाकला, कण्हली, मागं घेतला.

मॅडमनं पिशवीतून एक दांडा काढला. विमानतळावर माणसांच्या अंगावरून फिरवतात तसला. पोटावरून फिरवला, गप्प. बरगड्यांवरून, गप्प. डाव्या कोपराच्या मागं नेला तसा तो किरकिरायला लागला.

"मावशी, लोखंड खाल्लंय हिनं. तार किंवा खिळा."

"लोखंड?" अक्काला आधी कळलंच नाही. "ती काय लोखंड खाईल? मुकी हाय, येडी नाय."

"शेळी असती तर ओठानं बाजूला काढलं असतं. म्हैस आधी गिळते, मग सावकाश चावते. चाऱ्यात आलं की गेलं पोटात." मॅडमनं हातमोजा काढला. "कुठून आलं असेल?"

"काय ठाऊक बाई. सगळीकडं बांधकामंच चाललीत. उडून आलं असंल."

सांडू म्हशीचं दावं धरून उभा होता. त्याच्या कानात सोमवारचा तो आवाज आला, चारही वेळचा, ओळीनं. त्यानं दावं मुठीत इतकं आवळलं, की चांदीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

मॅडमनं अंगठ्याएवढा लोहचुंबक नळीतून चांदीच्या घशाखाली उतरवला. "हा आता कायमचा पोटात राहील. तार पोटातच असली तर धरून ठेवील. पुढं घुसली असली तर..." तिनं कोपरामागं चार बोटं टेकवली. "पोटाच्या भिंतीपलीकडं लगेच काळीज असतं, मावशी. चार बोटांवर."

"कापून काढता येत नाय का?" सांडूनं विचारलं.

"आठवा महिना आहे. आडवी पाडली, कापली, तर दोघं जातील. आता इंजेक्शनं घेऊ आणि हिचे पुढचे पाय उंच करा. हातभर ओटा बांधा. पुढचं अंग वर राहिलं की तार मागं सरकायला वाव असतो. बाकी वाट बघायची."

वाट बघायची म्हणजे काय करायचं, ते सांडूला कळेना. ओटा बांधायचा हे कळलं. त्यानं घमेलं घेतलं, कोपऱ्यावरच्या पडक्या घराचा मुरूम आणला, कडेला विटा रचल्या, धुम्मसानं ठोकून ठोकून घट्ट केला. उतार असा धरला की खूर घसरू नये. दोन तास राबला. अक्का मधेच म्हणाली, "अरे आता बास कर, ताजमहाल बांधतोस का?" चांदी पुढच्या पायांनी ओट्यावर चढली आणि तशीच तिरकी उभी राहिली, कुणाच्या तरी खिडकीतून आत बघत असल्यासारखी. सांडूला वाटलं, जरा बरी दिसतेय. मग वाटलं, आपल्याला तसं बघायचंय म्हणून दिसतेय.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन त्यानं मशीन हातात घेतली नाही. शेडमागच्या पट्टीत जाऊन गुडघ्यांवर बसला आणि कापलेल्या बुडख्यांतून डावा हात फिरवायला लागला. पाचव्या की सहाव्या मिनिटाला सापडलं. जुन्या कुंपणाची काटेरी तार, कधीची पडलेली, गंजून मातीच्या रंगाची झालेली. गवत तिच्यातून वर आलं होतं. तीन ठिकाणी ती कापलेली, आणि कापल्या तोंडाशी लोखंड चांदीसारखं चमकत होतं. आजूबाजूला बोटबोटभर तुकडे. त्यानं सगळे वेचून रुमालावर ठेवले, मोठ्या तारेच्या तोंडांना जुळवून बघायला लागला. हा इथला, हा इथला. एवढे सापडले म्हणजे किती गेले? काटेरी तारेला दोन पदर असतात, ते उसवले होते. कुठला तुकडा कुठल्या पदराचा याचा पत्ता लागेना. तरी तो जुळवत राहिला. ऊन पाठीवर आलं.

"मामा, पत्ते खेळताय का?" मागं विश्वजीत उभा होता. पंचविशीचा, पायात पांढरे बूट. वाईट पोरगा नव्हता.

सांडूनं त्याला सगळं सांगितलं. विश्वजीत ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू सावध झाला.

"मामा, पण गवत न्यायला सांगितलं कोणी होतं? तो कचरा आहे. गाडीत भरून डंपिंगला जायला पाहिजे. हे मी ऐकलंच नाही असं समजा. तुमच्यासाठीच म्हणतोय."

"मी कुठं कुणावर आळ घ्यायलोय?"

"घेताय म्हणत नाही मी." तो घुटमळला. "तार आहे हे कुणाला माहीत असणार? नकाशात नाही."

खरंच कुणाला माहीत नव्हतं. मालक नवा, जुना मालक कुठं गेला ठाऊक नाही, कुंपण पडलं तेव्हा बघायला कुणी नव्हतं. सांडूनं फार शोधलं. राग धरायला एकही माणूस सापडला नाही. त्या हिरव्या दिव्यावर रागवायचं म्हटलं तर तो बिचारा दिवा, आणि बाकी उरला तो एकटाच.

संध्याकाळी तो रुमाल घेऊन अक्काकडं गेला. अक्का चांदीला कडबा कुटीची चिमूट चिमूट भरवत होती, लहान पोराला भरवावं तशी, आणि चांदी ती तोंडात धरून तशीच ठेवत होती. सांडूनं रुमाल उघडून ओट्यावर ठेवला.

"माझ्याच गवतात हुतं, अक्का. पात्याला वाजलं. मला ऐकू आलं. चारदा आलं. मी थांबलो नाय."

अक्कानं तुकड्यांकडं पाहिलं. एक उचलला, अंगठ्यावर टोक लावून बघितलं. सांडूला वाटलं आता ती ओरडेल. तिनं ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. लहानपणी ती कान असा पिळायची की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"मला सांगून तिच्या पोटातनं निघणार हाय का ते?" ती म्हणाली. आणि मग, चांदीकडं बघत, "मी कधी न चाळता चारा घालत नाय. बाजारातला असो, कुणाचा असो. मूठ मूठ सोडून, झटकून घालते. तीस वर्षं. तुझा भारा आला की नुसता सोडायचे अन् पुढ्यात टाकायचे. भावाचं गवत काय चाळायचं म्हणून."

सांडूला यापेक्षा कानाखाली बसलेली परवडली असती.

"परक्याचं असतं तर चाळलं असतं," ती परत म्हणाली, आपल्याशीच. मग तुकडा रुमालात टाकला आणि रुमालाची गाठ मारून त्याच्या हातात दिला. "कुठं तरी लांब टाक. गल्लीत नको. पोरं अनवाणी फिरतेत."

शनिवारी चांदीनं दोन मुठी हिरवं खाल्लं. सकाळी सहालाच अक्काचा फोन. "सांड्या, खाल्लं बरं का! अन् शेण बी टाकलं, चांगलं घट्ट." सांडूनं ही बातमी करुणाला सांगितली, रिक्षावाल्याला सांगितली, रशीदचाचाला सांगितली. चाचा म्हणाला, "अल्ला खैर करे, लोहचुंबक बडी चीज है." त्या दिवशी सांडूनं दोन्ही बॅटऱ्या संपेस्तोवर काम केलं आणि प्रत्येक खटक्याला थांबून पात्याखाली बघितलं. सगळ्या गारगोट्या होत्या. विश्वजीतनं विचारलं, आज पट्टी निम्मीच का झाली. सांडू म्हणाला, "व्हईल."

रविवारी गळ्याखाली सूज आली. आधी लिंबाएवढी, दुपारपर्यंत पुढच्या पायांच्या मधल्या झोळीत पाणी भरल्यासारखी लोंबायला लागली. मानेची शीर बोटाएवढी फुगून लाटेसारखी हलत होती, लांबूनही दिसायची. मॅडम सुट्टी असून आली. तिनं छातीला नळी लावून ऐकलं आणि नळी सांडूच्या कानाला दिली. "ऐका."

सांडूनं ऐकलं. आत पाणी डुचमळत होतं, अर्धवट भरलेली घागर डोक्यावरून नेताना डुचमळते तसं. ठोका त्या पाण्याच्या पलीकडं कुठंतरी लांब.

"काळजाला लागलीय," मॅडम म्हणाली.

"मग आता?" अक्कानं विचारलं.

"आता मावशी, काही नाही."

"रेडकाचं काय?"

मॅडमनं चांदीच्या उजव्या कुशीवर तळवा ठेवला. काही क्षणांनी अक्काचा हात धरून तिथं ठेवला. आतून धक्का आला. अक्काच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं, आणि लगेच गेलं.

"ते बरं आहे," मॅडम म्हणाली. "पण अजून दोन महिने कमी आहेत. बाहेर काढलं तर श्वास धरणार नाही. हिनं आणखी दोन महिने ओढले तरच. आणि ही ओढणार नाही."

ती गेल्यावर गल्लीच्या तोंडाला एक दलाल येऊन उभा राहिला. म्हैस आजारी पडल्याचा वास यांना कुठून लागतो कोण जाणे. तो काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "जय भीम. जा घरला." तो गेला.

चांदी आणखी दोन दिवस उभी राहिली. सांडूनं सुट्टी टाकली. सुट्टी घेऊन करायचं काय, तर बसायचं. ओट्याचा मुरूम खुरांनी दबायचा, तो परत भरायचा. माश्या हाकलायच्या. करुणा डबा घेऊन यायची, अक्का दोन घास खायची अन् सांडूकडं सरकवायची, सांडू करुणाकडं. अक्का चांदीशी बोलत राहायची. सगळं जुनंच, कुठल्या कारखान्यातलं गवत गोड हुतं, कुठला वॉचमन वंगाळ हुता, चांदीच्या आईनं एकदा एका साहेबाचं धोतर कसं चघळलं. मधेच सांडूला विचारायची, "तुला आठवतंय का रे?" त्याला आठवत नव्हतं. तो व्हय म्हणायचा.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला चांदीचे पुढचे पाय ओट्यावर दुमडले. मग मागचे. ती सावकाश बसली, दमलेलं माणूस बसतं तशी, आणि मान लांब करून मुरमावर टेकली. दोनदा श्वास सोडला. तिसरा आलाच नाही.

अक्का रडली नाही. ती चांदीच्या पोटाशी बसली होती आणि तिचा तळवा कुशीवर होता. एकदम म्हणाली, "सांडू, हलतंय."

सांडूनं हात ठेवला. हलत होतं. ओला, गरम, आंधळा धक्का, परत परत. तो उठला, कोपऱ्यातला कोयता दिसला, त्याच्याकडं गेला, मागं आला, फोन काढला.

"मॅडम, ती गेली. आत हलतंय अजून."

पलीकडून मॅडम म्हणाली, "सांडूदादा, मी तिथं असते तरी नसतं वाचलं. फुप्फुसं झालेली नाहीत त्याची. कोयता-बियता लावू नका. मावशीला आत न्या."

अक्का आत गेली नाही. दोघं हात ठेवून बसून राहिले. धक्का आला. मग जरा थांबून परत आला. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम एक, फार हलका, झोपेत पोरगं कूस बदलतं तेवढा. सांडू आपला श्वास धरून बसला, जणू त्याचा तो श्वास कातड्यातून आत देता येणार होता. बाहेर गल्लीत भाजीवाला मेथी मेथी ओरडत गेला. त्यानंतर काही आलं नाही. तरी दोघांनी हात काढला नाही. कुणी आधी काढायचा, हे ठरेना.

शेवटी अक्कानं काढला, आणि पदरानं चांदीच्या डोळ्यांच्या कडेच्या माश्या उडवल्या.

दुपारी महानगरपालिकेची गाडी आली. चार माणसं, साखळी, यंत्राचा आकडा. सांडू त्यांना हात लावायला गेला तर एक जण म्हणाला, "काका, तुम्ही बाजूला व्हा, पाय अडकंल." मग तो बाजूला झाला. अक्का उंबऱ्यात बसली होती. गाडी गल्लीतून मागं मागं जात वळली, आणि दगडाबाईच्या ओसरीचा पत्रा तिला घासला, म्हणून दगडाबाई आणि ड्रायव्हरमधे थोडी बाचाबाची झाली. मग गाडी गेली.

दावण रिकामी. सांडू ओट्याच्या विटांवर टेकला. काहीतरी बोलायला पाहिजे असं त्याला वाटत होतं. माफ कर म्हणावं, तर त्या शब्दाला धरायला कुठं जागाच नव्हती. दुसरी म्हैस बघू म्हणावं, तर गवत कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. सावली दारातून ओट्यापर्यंत आली.

तेवढ्यात गल्लीच्या खालच्या टोकाकडून बाया ओरडायला लागल्या, "पाणी आलं! नळ आले गं!" नवव्या दिवशी आलं होतं. अन् आलं की पाऊण तास. घराघरातून घागरी, टिपं, बादल्या बाहेर निघायचा खणखणाट झाला.

अक्का गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"ऊठ," ती म्हणाली. "तू पाइप लाव. मी हंडे घासते, बुडाला शेवाळ धरलंय."

सांडू उठला. नळाच्या तोटीला चिंधी गुंडाळून त्यानं पाइप घट्ट बसवला, दुसरं टोक ड्रममधे सोडलं. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं. ते निवळेपर्यंत त्यानं गटारीत जाऊ दिलं.

"बाहेरच्या हौदात सोडू का?" त्यानं विचारलं.

"सोड की," अक्का आतून म्हणाली. "धुण्याला व्हईल."

ड्रम भरत आला तसं त्यानं पाइपाला अंगठ्यानं दाबून धरलं आणि पाणी न सांडता तो हौदाकडं नेला.